पाळ बांधायच्या आधीचं पाणी

नवेगाव बांधजवळच्या आमच्या गावात, घराच्या समोरच्या खोलीत, गेलेल्या माणसांची एक भिंत आहे. आजोबा, मोठे बाबा, मग आमचे बाबा, सगळे हार घालून ओळीने बसले आहेत. त्या ओळीत शेवटी, मायच्या जागी, वादळाचं एक चित्र आहे. हार त्यालाही आहे. पहिल्यांदा आलेला पाहुणा चहा पिता पिता हळूच विचारतो, हे काय? मी सांगते, ही आमची माय. मग तो बिचारा दुसरा प्रश्न विचारत नाही. विचारला तरी चालेल. मला सांगायला आवडतं, आणि कुणी वाद घातला तर त्याहून जास्त आवडतं. तो गुण तिचाच.

चित्र आहे छापील, जुन्या लाकडी फ्रेममधलं. अफाट पाणी, काळ्या-हिरव्या पट्ट्यांनी उसळलेलं. वर जांभळे ढग, मागे डोंगरांची ओळ, पुढे गुलाबी खडक आणि त्या खडकावर एकच झाड, वाऱ्याने एका बाजूला ओढून नेलेलं, फांद्या मोडलेल्या, तरी उभं. माणूस नाही, होडी नाही, पाखरू नाही, देव तर नाहीच. रंग असे दाबून फासलेले की जवळ गेलं तर नुसते पट्टे दिसतात आणि चार पावलं मागे आलं की अंगावर वारा येतो. खाली बारीक इंग्रजी अक्षरांत चित्रकाराचं नाव होतं, ते वाळवीने कधीच खाऊन टाकलं.

बाबा तलावाकाठच्या सरकारी विश्रामगृहात स्वयंपाक करायचे. मी शाळेत होते तेव्हा तिथे रंगरंगोटी निघाली. वाघांचे आणि हरणांचे चकचकीत फोटो आले आणि जुनं सामान व्हरांड्यात टाकून दिलं, मोडक्या खुर्च्या, फुटके आरसे आणि हे चित्र. माय काही कामाने बाबांना बोलवायला गेली होती. तिने ते पाहिलं, चौकीदाराला विचारलं आणि डोक्यावर घेऊन भर रस्त्याने घरी आली. बाबांना लाज वाटली.

"साहेबलोकांचं भंगार कायले आनून राहिली घरी?" ते म्हणाले.

"तुमी रोज उरलेली भाजी आनता साहेबलोकांची, तवा मी काही बोलली का?"

चित्र स्वयंपाकघरात गेलं. चुलीसमोर बसलं की नजर वर जाते तिथे तिने ते टांगलं, आणि ती जाईपर्यंत ते तिथेच राहिलं.

आता खरी गंमत. ते चित्र आपल्या नवेगाव बांधचं आहे, असं माय ठामपणे म्हणायची. आमच्याकडचे लोक पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधत आले. मायचं माहेर तर त्यातलं पक्कं. तिच्या लेखी पाणी साचलेलं असेल तर त्याला पाळ असणारच, आणि ती कुणीतरी माती वाहून घातलेली असणारच. या चित्रात पाळ नाही. मग त्याचा अर्थ एकच निघत होता, की पाळ अजून बांधायची आहे.

"पाळ बांधाच्या आंधीचं पानी हे," ती सांगायची. "तवा असंच उधळे. कोनाच्या बापाचं आयके नाही."

आणि भाकर थापलेल्या हाताचं बोट काचेवर ठेवून ती डावीकडच्या खडकापासून उजवीकडच्या डोंगरापर्यंत एक रेघ ओढायची. पाळ इथून जाते. शेजारीण आली की रेघ, पाहुणा आला की रेघ. चुलीच्या धुराने काच काळी पडत गेली तशी ती रेघ वर उठून दिसायला लागली.

मी पुढे शिकले, गोंदियात शाळेत भूगोल शिकवायला लागले, तिथेच लग्न झालं. भूगोलाच्या मास्तरणीला हे कसं सहन व्हावं? मी सुट्टीत आले की तिच्यामागे लागायची. माय, हे झाड आपल्याकडे उगवत नाही. हे थंड देशातलं, सुईसारख्या पानांचं झाड आहे.

"वीज पडल्यावर ऐनाच्या झाडाले काय तुले पानं राहतील?"

"आणि दगड? आपल्याकडे गुलाबी दगड कुठे आहेत?"

"सांजच्या टायमाले कधी तलावावर गेली का तू? मास्तरीन झाली, दगड पाहाले वेळ नाही तुले."

"अगं, हा परदेश आहे, परदेश!"

"तू गेलती का तिकडे?"

मी गेले नव्हते. इथे तिचं तोंड पाहण्यासारखं व्हायचं. जिंकली की ती हसायची नाही, उलट आणखी कपाळाला आठ्या घालून चुलीत फुंकर मारायची. भूगोल माझ्या बाजूने होता, आजही आहे, पण तिच्यापुढे त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

माय शांत बाई नव्हती, हे मला इथे स्पष्ट लिहून ठेवायचं आहे, कारण पुढचं सगळं भांडण त्यावरूनच झालं. एका वर्षी धान पोटरीला आलेलं आणि पाऊस दडून बसलेला. तलावाचं पाणी पाळीपाळीने सुटत होतं. आमची पाळी आली त्या दिवशी पाणी भलत्याच्याच बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, वळवलं गेलं. बाबा म्हणाले, जाऊ दे, उद्या मिळेल. माय फावडं घेऊन गेली आणि पाण्याच्या पाटात तोंडाशीच आडवी बसली. वारा सुटला होता, ढग नुसते गरजत होते आणि पदर उडून तोंडावर येत होता. गावातली मोठी मोठी माणसं काठावर उभी राहून तिला समजावत होती.

"उठा वं बाई, लोक पाहून राहिले."

"पाहू द्या. पानी माह्या अंगावरून जाईन, पन माह्याच बांधीत जाईन."

आमच्या बांधीत पाणी गेलं. मी काठावर उभी होते, शाळेतून आलेली, पाठीवर दप्तर. मला तेव्हा भीती वाटली आणि अभिमानही वाटला. त्यातला अभिमान तेवढा अजून टिकून आहे.

तर अशा बाईचा फोटो नव्हता. फोटो काढायचा म्हटलं की ती उठून जायची. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये ती आहे, पण कुठे पाठमोरी, कुठे कुणाच्या खांद्यामागे, कुठे हलल्यामुळे नुसता एक हिरवा फराटा. फोटोग्राफरने तिला म्हटलं होतं, मावशी, थोडं हसा ना.

"कायले? वरनाचं भगोनं आहे माह्या हातात. हासू कायले?"

राहिला आधार कार्डावरचा एक फोटो. त्यात ती अशी रोखून पाहते आहे की मशीननेच काहीतरी गुन्हा केला असावा.

मागच्या हिवाळ्यात माय गेली. थोडा ताप आला, अंथरुणावर पडून राहणं तिला जमलं नाही, आणि गेली. तेरवी आली. तेरवीला चौरंगावर फोटो लागतो, त्याला हार लागतो, येणारा माणूस त्याच्यापुढे फूल वाहतो. चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्सही लागतो आता, तो नसला तर लोक म्हणतात, मुलाने काही केलं नाही. माझा मोठा भाऊ गोंदियात राइस मिलमध्ये कामाला आहे. तो वाईट माणूस नाही. मला सोबत घेऊन तो आधार कार्डासह एका फोटो स्टुडिओत गेला.

तुम्ही हे पाहिलं नसेल तर सांगते. स्टुडिओतल्या कॉम्प्युटरमध्ये अंगं तयार असतात. बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी. पैठणी नेसलेलं अंग, नऊवारीतलं अंग, कोट-टाय घातलेलं अंग. गेलेल्या माणसाचं डोकं कापायचं आणि त्या अंगावर बसवायचं. ऑपरेटरने मायचं डोकं उचललं आणि एका हिरव्या पैठणीवर ठेवलं. गळ्यात तिने जन्मात न पाहिलेला राणीहार आला.

"दीदी, पीछे झरना डाल दूँ क्या? अच्छा लगता है," तो म्हणाला.

माझं उत्तर यायच्या आत झरा आला. मग त्याने तिच्या भुवईवरची खूण पुसली.

"ये दाग निकाल दिया मैंने."

तो डाग नव्हता. आमच्या बैलाने शिंग मारलं होतं, आणि त्याच दिवशी डोक्याला फडकं बांधून तिने त्याच बैलाला चारा घातला होता, शिव्या देत देत. मी काही बोलणार तोच त्याने विचारलं, "स्माइल हल्की सी रखूँ या फुल?"

भाऊ म्हणाला, "हल्की."

आणि मायच्या तोंडाचे कोपरे वर गेले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. समोर एक गोड, गोरी, तुपकट बाई बसली होती. माझी माय त्या बाईच्या शेजारी उभीसुद्धा राहिली नसती.

"ही आपली माय नाही," मी म्हटलं.

"मंग लोकांपुढे काय आधार कार्ड ठेवू का?"

"ठेव."

"अवं, गेली ना ते. आता तरी शांत दिसू दे तिले."

"जिवंत होती तेव्हा तुला ती शांत पाहिजे होती. ते जमलं नाही. आता मेल्यावर करून घेतो आहेस."

स्टुडिओतला माणूस माउसवरचा हात काढून आमच्याकडे पाहत बसला. भाऊ खाली मान घालून म्हणाला, बिल करा. मी तशीच उठून बसस्टँडवर आले. दुःख होतंच, पण राग त्याच्या वर होता. नातवंडं, पतवंडं भिंतीवर त्या पैठणीवालीला पाहतील, आणि त्यांना वाटेल, आपली आजी अशी होती, झऱ्याजवळ बसून हसायची. पाटात आडवी बसलेली बाई कुठल्याच भिंतीवर राहणार नाही. माणूस एकदा मरतो ते ठीक आहे. पण त्याच्या जागी दुसरंच कुणी आणून बसवायचं, हे मी होऊ देणार नव्हते.

फ्लेक्स मात्र लागला. तो मी अडवू शकले नाही. चौकात, पानठेल्याच्या वर, मायचं ते तोंड गाडीच्या चाकाएवढं होऊन लोकांकडे बघून हसत होतं. तेरवीच्या आदल्या दिवशी सकाळी मी किराणा आणायला गेले, तर मायची मैत्रीण फ्लेक्सखाली उभी. दोघींनी जन्मभर एकमेकींच्या शेतात धानाचा रोवणा केला, लाकडाच्या मोळ्या आणल्या, भांडल्या तर आठवडाभर अबोला धरला. म्हातारीने डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं आणि मला विचारलं, "कोन बाई गेली वं हे? पावन्याची आहे का कोनी?"

बस्स. मी किराणा तसाच टाकून घरी आले, स्वयंपाकघरात गेले आणि स्टुलावर चढून चित्र उतरवलं.

काचेवर धुराचा आणि तेलाचा थर होता. राख आणि ओलं फडकं घेऊन अंगणात बसले. रागाच्या भरात घासत सुटले आणि अर्ध्यावर आल्यावर लक्षात आलं की मायच्या बोटाची ती रेघही निघून गेली आहे. मग काय करणार, पुरतीच स्वच्छ केली. ढगांच्या खाली, डोंगरांच्या अगदी वर, केशरी उजेडाची एक फट निघाली. ती मी लहानपणानंतर पाहिलीच नव्हती. वादळ येतं आहे की सरतं आहे, ते त्या फटीवरून काही कळत नाही. मायला ते कळत होतं की नाही, ते आता विचारता येणार नाही.

तेरवीच्या सकाळी मांडवात कुणी यायच्या आत मी चौरंगावर चित्र ठेवलं, झेंडूचा हार घातला, दिवा लावला आणि चौरंगाशेजारी बसले. भाऊ पैठणीवाली फ्रेम छातीशी धरून आला आणि दारातच थांबला.

"हे काय करून ठेवलं तू?"

"मायला ठेवलं."

"झाडाले हार घालते का वं कोनी?" आमचे काका मागून म्हणाले. ते घरातले सगळ्यांत मोठे, त्यांच्यापुढे कुणी बोलत नाही.

"वडाले सूत गुंडाळता तेव्हा चालते, काका."

वहिनी पदर तोंडाला लावून मागे सरली, हसू आलं म्हणून की भीती वाटली म्हणून, मी पाहिलं नाही.

"लोक हासतील आपल्याले," भाऊ म्हणाला.

"हसू दे. फ्लेक्सवर माय हसूनच राहिली आहे ना? सगळे मिळून हसा."

त्याने पुढे पाऊल टाकलं. मी चौरंगाच्या कडेवर हात ठेवला. तेरवीच्या दिवशी मायच्या दिव्यासमोर बहीणभावाने फ्रेमची ओढाताण केली असती, तर गावाने वर्षभर तेच चघळलं असतं, आणि मला त्याची मुळीच फिकीर नव्हती. ती भावाला होती. तो थांबला. लोक यायला लागले होते. फ्रेम कुठे ठेवावी ते न कळून तो भिंतीला टेकून बसला आणि त्याने ती मांडीवर घेतली. लोक त्याला नमस्कार करत तेव्हा ती पैठणीवाली बाईही त्यांच्याकडे पाहून हसायची. पुढे ती त्याच्या गोंदियातल्या घरी गेली. वहिनीला आवडते. माझं काही म्हणणं नाही, तिथे ती सुखात राहो.

येणारे लोक चौरंगासमोर येऊन घुटमळत होते. काहींनी फूल वाहिलं, काहींनी फूल हातातच ठेवलं. एका पाहुण्याने मला विचारलं, फोटो यायचा आहे का अजून? मी म्हटलं, आला आहे. मग मायची मैत्रीण आली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. ती चौरंगासमोर बसली, डोळे बारीक करून चित्राकडे पाहिलं, आणि तिचा आवाज फुटला.

"अठी बसली का वं तू? आनि मी तुले चौकात धुंडून राहिली!"

मग ती रडली, मोठ्याने, नाव घेऊन, मायने तिला किती त्रास दिला ते सगळं मोजून दाखवत. त्या बाजूच्या जंगलातून मोळी आणताना माय तिला मागे टाकून कशी पुढे निघून जायची, तेही सांगितलं, चित्रातल्या डोंगराकडे हात करून. मांडवातल्या बायका तिच्याबरोबर रडायला लागल्या. मलाही पहिल्यांदा रडू आलं. त्या दिवसापर्यंत रागाने ते अडवून धरलं होतं.

जेवणाच्या पंगती चालू झाल्या तेव्हा भावाचा जावई माझ्याजवळ आला. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, मुलगा सभ्य. त्याने मघाशीच फोनने चित्राचा फोटो काढून शोधाशोध केलेली होती.

"आत्या, सापडलं बघा," तो उत्साहाने म्हणाला. "हे फार प्रसिद्ध चित्र आहे. परदेशातलं, उत्तरेकडच्या थंड भागातलं सरोवर आहे हे. आपल्याकडचं नाहीच."

त्याने फोन सगळ्यांना दाखवला. तेच पाणी, तेच वाकलेलं झाड, शेजारी इंग्रजीत सगळी माहिती. मांडवात कुजबुज झाली. काका म्हणाले, म्हणजे परदेशातल्या झाडाले हार घातला का आपन? आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. भावानेही पाहिलं.

"तूच सांग आता. भूगोल शिकवते ना तू?"

हो, शिकवते. मुलांना नकाशावर थंड वनांचा पट्टा दाखवते, सूचिपर्णी झाडांचे गुण लिहून देते, परीक्षेत चूक लिहिलं तर गुण कापते. फोनवरचं प्रत्येक अक्षर खरं होतं आणि हे मला कॉलेजपासून ठाऊक होतं. मी जावयाकडे पाहिलं.

"तुम्ही गेलते का तिकडे, जावईबापू?"

"नाही, मी कसा जाणार? पण आत्या, इथे लिहिलंय..."

"मग कसं सांगता? हे आपलं नवेगाव बांध आहे. पाळ बांधायच्या आधीचं."

जावई गोंधळून माझ्याकडे आणि मग सासऱ्याकडे पाहायला लागला. माझ्या भावाने मांडीवरची फ्रेम बाजूला भिंतीला लावून ठेवली. तो उठला, चौरंगापाशी गुडघ्यावर बसला आणि त्याने हार थोडा वर सरकवला.

"पाळ अठून जाते," तो जावयाला म्हणाला.

आणि त्याने त्या स्वच्छ काचेवर बोट ठेवून डावीकडच्या खडकापासून उजवीकडच्या डोंगरापर्यंत एक रेघ ओढली. बुंदीच्या तुपाने बरबटलेलं बोट होतं, रेघ ठळक उठली. दर दिवाळीला गावी आले की घरातल्या सगळ्या फ्रेमा मी पुसते. ही काच मी पुसत नाही.